‘के. जी.’ या दोन अक्षरांतील बाग

वऱ्हाडांतील शहरांत ‘कॉन्व्हेंट’ हा शब्द ज्या अर्थानें चालतो तो अर्थ युरोपांतील कोणत्याहि कोशांत सांपडणार नाहीं. ख्रिस्ती जोगिणींचा मठ, आणि पुढें त्यांनीं चालविलेली शाळा, हा त्याचा मूळ अर्थ. परंतु अमरावतीस किंवा अकोल्यास एखाद्या गृहस्थानें आपला नातू यंदा कॉन्व्हेंटांत जाऊं लागल्याचें सांगितलें, तर त्या शाळेंत जोगीण नसेल, क्रूस नसेल, आणि पुष्कळदां शाळेचें नांवहि एखाद्या देवीवरून किंवा संतावरून ठेवलेलें असेल, हें ऐकणारा न विचारतां समजून घेतो. इंग्रजी माध्यमाची शिशुशाळा म्हणजे कॉन्व्हेंट, एवढाच अर्थ इकडे उरला आहे. राजापेठेच्या चौकांत सकाळच्या प्रहरीं थोडा वेळ उभें राहिलें, तर पाठीवर दप्तर घेतलेलीं तीन-चार वर्षांचीं मुलें रिक्षांत दाटीनें बसून जातांना दिसतात. त्यांना इयत्ता विचारली तर ‘के. जी. वन’ किंवा ‘के. जी. टू’ असें उत्तर मिळतें.

या दोन अक्षरांपैकीं दुसऱ्या अक्षराचा अर्थ ‘बाग’ असा आहे, हें त्या मुलांना ठाऊक नसणें साहजिक आहे. त्यांच्या पालकांना व शिक्षिकांनाहि तें बहुधा आठवत नाहीं. किंडरगार्टन म्हणजे मुलांची बाग. आपल्याकडील जुन्या लेखकांनीं तिला ‘बालोद्यान’ असें सुंदर नांव दिलें होतें. आज त्या नांवाच्या वर्गांत तीन वर्षांचें मूल बाकावर बसून तुटक रेषांवरून अक्षरें गिरवितें आणि घरीं येतांना गृहपाठ घेऊन येतें. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणानें तीन ते आठ वर्षें हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला, आणि २०२२ सालीं त्या टप्प्याचा जो आराखडा प्रसिद्ध झाला त्यांत खेळ हेंच शिकण्याचें मुख्य साधन असावें असें स्पष्ट सांगितलें. तें वाचून कित्येकांना ही कांहीं नवी परदेशी टूम आहे असें वाटलें. वास्तविक ही गोष्ट महाराष्ट्रांत येऊन सव्वाशें वर्षांहून अधिक काळ लोटला आहे, आणि ती येथें आणण्यांत चर्चचा हात मोठा होता. चर्चच्या शाळेचें नांव आपण मोठ्या हौसेनें उचललें आणि तिनें आणलेला खेळ तेवढा मागें ठेवला, हें कसें घडलें तें पाहण्यासारखें आहे. या कथेंत वऱ्हाडचाहि वांटा आहे.

बालोद्यानाची कल्पना काढणारा मनुष्य एका पाद्र्याचा मुलगा होता. फ्रीड्रिख फ्रोबेल याचा जन्म २१ एप्रिल १७८२ रोजीं जर्मनींतील थुरिंजिया प्रांतांत ओबरवाइसबाख या खेड्यांत झाला. तो नऊ महिन्यांचा असतांना त्याची आई वारली. बाप आपल्या धर्मकृत्यांत गढलेला व शिस्तीचा कठोर. तेव्हां या मुलाला घरांत बोलावयास कोणी उरलें नाहीं आणि तो झाडांशीं व दगडांशीं खेळत वाढला. पुढें त्यानें जंगलखात्यांतील एका माणसाजवळ उमेदवारी केली, स्वित्झर्लंडांत पेस्टालोझीच्या शाळेंत १८०८ पासून दोन वर्षें काढलीं, बर्लिनच्या एका संग्रहालयांत स्फटिकांची व्यवस्था पाहिली. स्फटिकाला जसा आकार बाहेरून द्यावा लागत नाहीं, तो आंतूनच वाढतो, तसेंच मुलाचें आहे, हा विचार त्याच्या मनांत तेथें पक्का झाला. १८२६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत त्यानें खेळाला बालवयांतील विकासाची सर्वोच्च अवस्था म्हटलें आहे. खेळांत मुलाचें अंतरंग बाहेर येतें, आणि त्या अंतरंगांत ईश्वराचा अंश आहे, अशी त्याची श्रद्धा होती. त्या काळच्या पाद्र्यांना हें मत मानवण्यासारखें नव्हतें. मूल जन्मतःच पापाचा वारसा घेऊन येतें आणि शिस्तीनें तें धुवून काढावें लागतें, ही शिकवण ज्या घरांत तो वाढला तेथलीच होती.

१८३७ सालीं त्यानें ब्लांकेनबुर्ग या गांवीं लहान मुलांसाठीं संस्था काढली आणि १८४० सालीं तिला किंडरगार्टन हें नांव दिलें. तेथील खेळण्यांना तो ‘देणग्या’ म्हणे. पहिली देणगी म्हणजे लोकरीचे सहा मऊ चेंडू, सहा रंगांचे. दुसरींत लाकडाचा गोल, घन आणि त्या दोहोंच्या मधला लाटण्यासारखा आकार. तिसरींत एकच घन, पण आठ लहान घनांत विभागलेला: मुलानें तो मोडावा, पाहावा आणि पुन्हां जुळवावा. मुलाला मोडतोड करण्याची जी उपजत हौस असते तिला गुन्हा न मानतां तिच्यासाठीं वस्तु बनविणारा हा बहुधा पहिलाच शिक्षक. त्यानंतर कागदाच्या घड्या, कागदी पट्ट्यांचें विणकाम, मातीकाम, वाटाणे आणि काड्या जोडून केलेल्या आकृति अशीं हस्तकामें येत. आणि बाग हा केवळ अलंकार नव्हता. प्रत्येक मुलासाठीं खऱ्या मातीचा लहानसा वाफा असे. वयाच्या बासष्टाव्या वर्षीं, १८४४ सालीं, या मातृहीन मनुष्यानें आयांसाठीं खेळगाण्यांचें एक पुस्तक काढलें.

यांत राज्यसत्तेला भिण्यासारखें काय होतें हें आज समजणें कठिण आहे. तरीहि ऑगस्ट १८५१ मध्यें प्रशियाच्या मंत्र्यानें बालोद्यानांवर बंदी घातली. हीं बालोद्यानें समाजसत्तावादाच्या योजनेचा भाग आहेत आणि मुलांना नास्तिकतेकडे नेतात, असें कारण देण्यांत आलें. फ्रोबेलचा पुतण्या कार्ल यानें लिहिलेल्या एका पुस्तिकेचा राग काकावर निघाला, असें इतिहासकार सांगतात. २१ जून १८५२ रोजीं फ्रोबेल वारला. बंदी उठली ती १८६० सालीं. मौज ही कीं, ज्या पद्धतीला तिच्या मायदेशीं नास्तिक म्हणून बाहेर काढलें, तीच पुरतीं चाळीस वर्षें होण्यापूर्वीं ख्रिस्ती हातांनीं महाराष्ट्रांत आली आणि येथें ती ख्रिस्ती म्हणून संशयास पात्र ठरली. मधला प्रवास अमेरिकेंतून झाला. जर्मनींतून निघालेल्या निर्वासितांनीं ही कल्पना तिकडे नेली; १८५६ सालीं विस्कॉन्सिन संस्थानांत मार्गारेटा शुर्झ या बाईनें पहिलें बालोद्यान उघडलें; आणि नंतरच्या तीस वर्षांत तेथील चर्चांनीं व धर्मादाय मंडळ्यांनीं गरीब वस्त्यांतून मोफत बालोद्यानें चालविलीं.

आमच्याकडे मुलें खेळत नव्हतीं असें मात्र कोणी समजूं नये. भातुकली, सागरगोटे, लगोऱ्या, विटीदांडू यांना कोणा फ्रोबेलची वाट पाहावी लागली नाहीं. वऱ्हाडांत भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाई मांडतात, गाणीं म्हणतात आणि झांकलेल्या डब्यांतील खिरापत ओळखण्याची पैज लावतात. डबा कानाशीं हलवून आंत फुटाणे आहेत कीं शेंगदाणे हें आवाजावरून ताडणाऱ्या मुलीला इंद्रियशिक्षण या शब्दाची गरज नसते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं विदर्भांत तान्हा पोळा भरतो. मुलें लाकडाचे नंदी सजवून दारोदार नेतात आणि बक्षीस मागतात. ती देखील एक देणगीच आहे, आणि आमच्या मतें फ्रोबेलच्या कोऱ्या घनापेक्षां ती अधिक बोलकी आहे.

पण हें सारें शाळेच्या उंबरठ्याबाहेर. उंबरठ्याच्या आंत पंतोजी, धूळपाटी, पाढे आणि पाठांतर. शाळा आणि खेळ हे दोन वैरी, आणि एकाच्या घरीं दुसऱ्यानें पाऊल टाकूं नये, ही समजूत इतकी खोल होती कीं तिला कोणी समजूत म्हणत नसे. मुलींच्या बाबतींत खेळाचा शेवट कधीं व्हावयाचा हें पंचांग ठरवी. आठव्या-नवव्या वर्षीं लग्न झालें कीं भातुकली संपली. आणि त्यानंतर लवकरच वैधव्य आलें, तर खेळावयाचें कशाला, हंसावयाचें देखील कारण राहत नसे. ही गोष्ट लक्षांत ठेवल्याशिवाय पुढील प्रकरणाचा मर्मभाग कळणार नाहीं.

मार्च १८८६ मध्यें पंडिता रमाबाई फिलाडेल्फियास पोहोंचल्या. आनंदीबाई जोशी यांना ११ मार्च रोजीं वैद्यकीची पदवी मिळावयाची होती, त्या समारंभासाठीं त्या इंग्लंडांतून आल्या. बेत थोड्या दिवसांचा होता; राहणें झालें अडीच वर्षांहून अधिक. त्या अवधींत त्यांनीं देशभर व्याख्यानें दिलीं, १८८७ सालीं उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिलें, त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टनमध्यें त्यांच्या कार्यासाठीं मंडळ स्थापन झालें. हें सर्व प्रसिद्ध आहे. त्या मानानें एक गोष्ट कमी सांगितली जाते: फिलाडेल्फियांत त्या फ्रोबेलच्या पद्धतीच्या अध्यापनवर्गांत विद्यार्थिनी म्हणून बसल्या आणि मराठी मुलांसाठीं सचित्र वाचनमाला तयार करण्याच्या उद्योगाला लागल्या.

रमाबाईंचें स्वतःचें शिक्षण आठवावें. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या तीर्थाटन करीत वाढली; आईच्या तोंडून संस्कृत शिकली; बारा वर्षांची होईतों भागवताचे अठरा हजार श्लोक तिला मुखोद्गत झाले, असें तिच्या चरित्रांत नमूद आहे. पाठांतराच्या परंपरेचें याहून उज्ज्वल उदाहरण शोधूनहि मिळणार नाहीं. कलकत्त्याच्या पंडितांनीं जिला ‘सरस्वती’ ही पदवी दिली, ती विदुषी अठ्ठाविसाव्या वर्षीं लोकरीचे चेंडू आणि कागदाच्या घड्या शिकावयास बसते, याला केवळ नाविन्याची हौस म्हणतां येणार नाहीं.

एक कारण उघड व्यवहाराचें होतें. विधवेला स्वतःच्या पायावर उभें करावयाचें तर तिच्या हातीं कांहीं विद्या दिली पाहिजे, आणि लहान मुलांची शिक्षिका होणें हा तिला त्या काळीं सुचण्यासारखा व समाजाला सोसण्यासारखा व्यवसाय होता. परंतु एवढ्यासाठीं फ्रोबेलच पाहिजे होता असें नाहीं. साधी पाटी-पुस्तकाची पद्धति शिकविली असती तरी भागलें असतें. बालोद्यानाच्या शिक्षिकेला आधीं स्वतः खेळावयास शिकावें लागतें. गाणें म्हणावें लागतें, वर्तुळांत फेर धरावा लागतो, हातांनीं पक्षी आणि बोटांनीं घरटें करून दाखवावें लागतें. ज्यांच्यापुढें आलवणाचा एकच रंग वाढून ठेवलेला होता, त्यांच्या हातीं पहिली देणगी म्हणून सहा रंगांचे चेंडू येणार होते. हें रमाबाईंनीं कोठें लिहून ठेवलें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण त्यांच्यासारख्या सूक्ष्म दृष्टीच्या स्त्रीला तें दिसलें नसेल हें संभवत नाहीं. मराठी मुलांच्या पहिल्या बालोद्यान-शिक्षिका ज्यांतून घडावयाच्या होत्या, त्यांचें स्वतःचें बालपण अर्ध्यावर तुटलेलें होतें.

शारदासदन ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस चौपाटीवर उघडलें. आनंदीबाईंच्या पदवीदानाचीच ती तारीख. आनंदीबाई मात्र तोंपर्यंत हयात नव्हत्या. बालपणींच विधवा झालेल्या गोदूबाई या पहिल्या विद्यार्थिनींपैकीं. पुढें चार वर्षांनीं, पुन्हां ११ मार्चलाच, धोंडो केशव कर्वे यांच्याशीं त्यांचा पुनर्विवाह झाला. १८९० सालीं सदन पुण्यास गेलें. तेथें इतर शिक्षणाबरोबर बालोद्यानाची पद्धतिहि होती. सदनाचें धोरण असें जाहीर केलेलें होतें कीं, धर्मशिक्षण द्यावयाचें नाहीं आणि मुलींनीं आपापला आचार पाळावा. पण रमाबाईंनीं १८८३ सालीं इंग्लंडांत ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. त्या आपल्या खोलींत प्रार्थना करीत, दार उघडें असे, आणि कांहीं मुली तेथें जाऊन बसत. यावरून पुण्यांत जें वादळ उठलें त्याचा शेवट ऑगस्ट १८९३ मध्यें रानडे व भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनीं अंग काढून घेण्यांत झाला. अनेक पालकांनीं मुली परत नेल्या.

या वादांत एका पक्षाला सर्वस्वी दोष देणें आम्हांस बरोबर वाटत नाहीं. ज्यांनीं विश्वासानें मुली सोंपविल्या त्यांची तक्रार पोकळ नव्हती. आणि आपल्या घरांत आपण प्रार्थना करूं नये, किंवा लपून करावी, असें रमाबाईंना सांगणेंहि न्यायाचें नव्हतें. परंतु त्या भांडणांत तिसराच एक जीव चेंगरला, त्याची दाद कोणी घेतली नाहीं. विधवांच्या शिक्षणाचें काम कर्व्यांनीं १८९६ सालीं आपल्या हातीं घेऊन पुण्याला पटेल अशा रूपांत उभें केलें. लहान मुलांच्या खेळाचें काम त्या नेटानें उचलणारा कोणी पुढें आला नाहीं. बालोद्यान म्हणजे पाद्र्यांचें खूळ, हा शिक्का बसला तो बसलाच. रमाबाई केडगांवीं गेल्या, दुष्काळांतून आणलेल्या शेंकडों मुलींचें ‘मुक्ति’ वसलें, तेथेंहि बालोद्यान चाललें. पण आतां तें उघड ख्रिस्ती वसाहतीच्या कुंपणाआड होतें आणि सुशिक्षित मध्यमवर्गाची वाट त्या बाजूनें जात नव्हती.

कुंपणाआड मात्र तें वाढलें. अमेरिकन मराठी मिशननें विसाव्या शतकाच्या आरंभीं सोलापुरास बालोद्यान आणि त्याला जोडून शिक्षिका तयार करण्याचा वर्ग चालविला. त्या कामाशीं मेरी हार्डिंग यांचें नांव निगडित आहे. सोलापुरांत त्यांच्या नांवाची शाळा पुढेंहि राहिली. मिशनऱ्याच्या घरीं हिंदुस्थानांतच जन्मलेल्या या बाईंना मुलांची भाषा शिकावी लागली नाहीं. आणि भाषेचा प्रश्न लहान नव्हता. चेंडू बोटींतून आणतां येतो, गाणें आणतां येत नाहीं. बर्फाच्या आणि पाइन वृक्षांच्या गाण्यावर मराठी मुलाचा हात हलत नाहीं. मिशनकडे त्या वेळीं ‘बालबोधमेवा’ हें मुलांचें मासिक होतें आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्यासारखा कवि त्याच्या संपादनाला लाभला होता. मुलांसाठीं सोपें, गातां येण्यासारखें मराठी लिहिणें हा एक गंभीर उद्योग आहे, ही जाणीव रुजविण्यांत या मंडळींचा भाग मोठा आहे, आणि तो आपल्या वाङ्मयेतिहासांत पुरेसा मानला गेला नाहीं.

आमच्या वऱ्हाडांत चित्र निराळें होतें. येथें गेल्या शतकाच्या मागच्या शतकांत शेवटच्या दोन दशकांत ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स ही अमेरिकन संस्था आली. अकोला तिचें मुख्य ठाणें. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनीं तिच्या दारांत अनाथ मुलांची रीघ लावली, आणि अकोल्यास मुलांचें व खामगांवीं मुलींचें अनाथालय उभें राहिलें. अशा ठिकाणीं शिक्षणाचा आरंभ देणग्यांनीं होत नाहीं, अन्नानें होतो. उपाशी मूल खेळत नाहीं. पोट भरल्यावर तें ज्या दिवशीं पहिल्यानें खेळावयास उठतें तो दिवस त्याच्या जगण्याची खूण समजावा. अन्न आणि खेळ यांची ही सांगड वऱ्हाडच्या पुढील इतिहासांत पुन्हां येणार आहे.

मिशनच्या बालोद्यानाची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. तेथें मूल खेळत असे, पण खेळाच्या शेवटीं त्यानें कोठें पोहोंचावें हें आधींच ठरलेलें असे. फेर धरणारें वर्तुळ प्रार्थनेपाशीं येऊन थांबे. ज्यानें हें दान दिलें त्याचा हेतु त्यांत असणारच, असें कोणी म्हणेल. तें खरें आहे. मात्र हा दोष एकट्या चर्चचा नव्हे. सरकारनें बालोद्यान हातीं घेतलें तेव्हां काय झालें? ११ मार्च १९०४ च्या शिक्षणविषयक ठरावांत लॉर्ड कर्झनच्या सरकारनें प्राथमिक शाळांत बालोद्यानाच्या रीतीला अनुकूलता दाखविली. (हा ११ मार्च आमच्या विषयाच्या पाठीमागेंच लागला आहे!) पण खात्याच्या हातीं पडलेला खेळ म्हणजे कवाईत. ‘आतां घन उचला, आतां ठेवा’ हें एका दमांत चाळीस मुलांनीं करावें आणि तपासनीसानें खूष व्हावें. फ्रोबेलच्या अनुयायांनीं जगांत सर्वत्र त्याच्या देणग्यांची अशीच पोथी केली. आपल्याकडे तर पोथी करण्याची संवय जुनीच. चर्चला श्रद्धावंत पाहिजे होता, सरकारला शिस्तीचा प्रजाजन, पुढें आलेल्या राष्ट्रीय शाळांना देशभक्त. मूल मात्र त्या सर्वांना साधन म्हणून हवें होतें, आणि खेळाचा स्वभाव असा आहे कीं दुसऱ्या कशाचें साधन झाला कीं तो खेळ राहत नाहीं.

ही गांठ सोडविण्याचा प्रयत्न ज्या स्त्रीनें केला तिचा संबंध अमरावतीशीं आहे. ताराबाई मोडक यांचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थनासमाजाचे कार्यकर्ते, म्हणजे घर एकेश्वरी सुधारकांचें. ख्रिस्ती नव्हे आणि जुन्या वळणाचेंहि नव्हे. १९१४ सालीं त्या पदवीधर झाल्या आणि पुढच्या वर्षीं अमरावतीचे वकील मोडक यांच्याशीं विवाह करून इकडे आल्या. त्याच सुमारास, १९१४ सालीं, वैद्य बंधूंनीं अमरावतींत हनुमान व्यायामशाळेचा पाया घातला होता. हुतुतूसारखे देशी खेळ घेऊन त्या संस्थेचें पथक १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकपर्यंत गेलें. खेळाला प्रतिष्ठा देणारें हें गांव. पण ती प्रतिष्ठा पीळदार दंडाच्या तरुणाला होती. तीन वर्षांच्या पोराच्या खेळालाहि शास्त्र आहे, हें अजून कोणाच्या गांवीं नव्हतें.

अमरावतीचा संसार फार काळ टिकला नाहीं. १९२१ च्या सुमारास ताराबाई राजकोटास स्त्रियांच्या अध्यापनविद्यालयाच्या प्रमुख म्हणून गेल्या, आणि १९२३ सालीं ती मानाची जागा सोडून भावनगरास गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरांत दाखल झाल्या. गिजुभाई वकिली सोडून मुलांत रमलेले. त्यांनीं मारिया माँटेसरीची पद्धति घेतली, पण ती डोळे मिटून नव्हे. माँटेसरीबाईंनीं १९०७ सालीं रोमच्या गरीब वस्तींत आपलें बालगृह काढलें, तें निरीक्षणाच्या पायावर. मुलाच्या कामांत मोठ्यांनीं ढवळाढवळ करूं नये हा त्यांचा मोठा धडा. परीकथांना मात्र त्यांच्या पद्धतींत थारा नव्हता. गिजुभाईंनीं गोष्ट, गाणें आणि नाटक बालमंदिरांत मानानें बसविलें. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ निघाला, १९३३ पासून ‘शिक्षणपत्रिका’ मराठींतून निघूं लागली, आणि १९३६ सालीं ताराबाईंनीं दादरला शिशुविहार उघडला. पुण्यानें १८९३ सालीं जी वस्तु दाराबाहेर ठेवली होती ती त्रेचाळीस वर्षांनीं काठेवाडचा वळसा घेऊन मध्यमवर्गाच्या घरांत शिरली. यावेळीं तिच्या अंगावर चर्चचा झगा नव्हता, आणि विज्ञानाचा असल्यामुळें कोणी हरकत घेतली नाहीं.

यावर ताराबाई समाधान मानत्या तर त्या दादरच्या एका नामांकित शाळेच्या संचालिका म्हणून आठवल्या गेल्या असत्या. पण माँटेसरीचें साहित्य महाग होतें. खेळ हा हक्क म्हणावयाचा आणि त्याला फीची अट लावावयाची, हें त्यांना सलूं लागलें. १९४५ सालीं त्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ तेथें त्यांना येऊन मिळाल्या. बालपणीं वैधव्य आलेल्या आणि त्यानंतर शिकून शिक्षिका झालेल्या अनुताईंचें नांव या ओघांत वाचतांना शारदासदनाची आठवण झाल्याशिवाय राहत नाहीं. या दोघींनीं लाकडी सिलिंडरांच्या जागीं शंख, शिंपले, बिया, पानें, गारगोट्या घेतल्या. मुलें बालवाडीला येत नाहींत तर बालवाडीनें मुलांच्या अंगणांत जावें, म्हणून अंगणवाडी झाली. १९५७ सालीं त्या कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तींत गेल्या. तेथें थोडीं मोठीं मुलें गुरें राखावयास जात. तीं शाळेंत येणार कशीं? तेव्हां शाळाच गुरांमागें कुरणांत गेली आणि तिचें नांव कुरणशाळा पडलें. फ्रोबेलनें प्रत्येक मुलाला एक वाफा दिला होता. येथें सारें रान होतें.

ताराबाई ३१ ऑगस्ट १९७३ रोजीं वारल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं भारत सरकारनें सहा वर्षांखालील मुलांसाठीं एकात्मिक बालविकासाची योजना देशांत ३३ ठिकाणीं प्रयोगादाखल सुरू केली. पूरक आहार, लसीकरण आणि शाळेपूर्वींचें खेळांतून शिक्षण, हीं एकाच छपराखालीं द्यावयाचीं, अशी ती योजना. महाराष्ट्रांत आरंभीं जीं ठिकाणें निवडलीं गेलीं त्यांत अमरावती जिल्ह्यांतील मेळघाटचें धारणी होतें, कोरकू मुलांचें गांव; आणि त्या केंद्रांना देशभर जें नांव मिळालें तें ‘अंगणवाडी’.